पाणी तर स्वच्छ होते!

जालना जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मित्राला भेटायला आम्ही गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दिवस सोमवारचा. प्रयोगशाळेच्या खिडकीशी दोन फूट लांबीची काचपेटी होती आणि तिच्यात तीन गोल्डफिश. त्यांपैकी एक उलटा होऊन तरंगत होता. उरलेले दोन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे आणून भराभर कल्ले हलवत होते. भोवती आठवीतली मुले गोळा झाली होती आणि एक मुलगी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "पण सर, पाणी तर स्वच्छ होतं ना! शनिवारीच तर बदललं होतं."

पाणी खरोखरच नितळ होते. पेटीमागच्या भिंतीवर टांगलेला तक्ता पाण्यातून सहज वाचता येत होता. आठवडाभर आधी मात्र तेच पाणी ताकाच्या निवळीसारखे दुधट दिसत होते. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांनी सगळी पेटी रिकामी केली. खडी नळाखाली खळखळून धुतली, फिल्टरमधला स्पंज पिळून पिळून स्वच्छ केला. योगायोगाने त्याच दिवशी नळाला पाणी आले होते, तेच ताजे पाणी पेटीत भरले. रविवारी शाळा बंद, म्हणून माशांना दोन दिवसांचे खाणे एकदम टाकून मुले घरी गेली.

मित्र हताश झाला होता. "दर आठवड्याला पन्नास लिटर पाणी ओतून देतो आम्ही. इथे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते तुम्हाला माहीतच आहे. तरी तीन दिवसांत पाणी पुन्हा दुधट होतं आणि मासे मरतात ते मरतातच."

पाण्याचे त्याचे दुखणे खरे होते. जालना शहराला निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाचे पाणी मिळत आले, पुढे जायकवाडीहूनही पाणी आणले गेले. तरी २०१२-१३च्या दुष्काळात शहराची भिस्त टँकरवर होती. ज्या गावात पाणी पिंपात जपून ठेवतात, तिथे माशांसाठी आठवड्याला पन्नास लिटर ओतून देणे मनाला लागते. आणि ते ओतूनही मासा मरत असेल, तर आपले काहीतरी मुळातच चुकते आहे.

गढूळपणा कोणता, ते आधी पाहा

डॉक्टर नुसता 'ताप आहे' एवढे ऐकून औषध देत नाही. पाण्याच्या गढूळपणाचेही तसेच आहे. काचेचा एक स्वच्छ ग्लास पेटीतल्या पाण्याने भरा, मागे पांढरा कागद धरा आणि नीट पाहा. मग तो ग्लास हलणार नाही अशा जागी रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी मातकट थर बसला आणि वरचे पाणी बरेच निवळले, तर गढूळपणा मातीचा किंवा खडीच्या भुकटीचा. पाणी हिरवट दिसत असेल तर शेवाळाचा. आणि रंग पांढुरका, सकाळीही पाणी जसेच्या तसे, शिवाय किंचित कुबट वास, तर तो जीवाणूंचा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर फायदा होत नाही, उलट नुकसान होते.

मातीचा प्रकार आपल्याला सर्वांत परिचयाचा. पावसाळ्यात नळाला चहासारखे पाणी येते. ते निवळायला इतका वेळ का लागतो? मराठवाड्याच्या काळ्या मातीतले चिकणमातीचे कण अतिशय बारीक, म्हणजे दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. एक मायक्रोमीटर व्यासाचा कण अगदी स्थिर पाण्यातही दिवसाला सुमारे ८ सेंटिमीटरच खाली जातो, असे गणित मांडून दाखवता येते. म्हणजे फूटभर खोल पाणी निवळायला जवळजवळ चार दिवस, आणि तेही पाणी कोणी ढवळले नाही तर! गोल्डफिशला तर दिवसभर तळ उकरायची सवय. त्यातून या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळे कण सारख्या भाराचे, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटी नेमके इथे काम करते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन भार असतात. ते कणांवरचा ऋण भार नाहीसा करतात, शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो आणि त्यात अडकून कण तळाशी बसतात.

हा प्रयोग वर्गात करण्यासारखा आहे. तीन ग्लासांत काळ्या मातीचे सारखेच गढूळ पाणी घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात चमचाभर मीठ घाला, तिसऱ्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा. तिसरा ग्लास आधी निवळतो. मिठाच्या सोडियमवर एकच धन भार असतो, म्हणून तेवढाच परिणाम साधायला मीठ कितीतरी जास्त लागते. नववी-दहावीच्या मुलांना यातून बरेच बोलते करता येते.

मात्र तुरटी फिरवायची ती बादलीत. पेटीत मासे असताना कधीच नाही. तुरटीने पाणी आम्लतेकडे झुकते आणि तो चिकट साका कल्ल्यांवर बसतो. बादलीत पाणी निवळू द्यावे आणि वरचे नितळ पाणी तेवढे वापरावे. 'पाणी स्वच्छ करणारे थेंब' म्हणून दुकानात मिळणाऱ्या बाटल्यांचे तत्त्व बहुतेक वेळा हेच, म्हणजे कण एकत्र आणण्याचे असते. त्या गढूळपणा खाली बसवतात, त्याचे कारण काढत नाहीत. नव्या खडीची भुकटी असेल, तर खडी पेटीत घालण्यापूर्वी निथळ स्वच्छ येईपर्यंत धुणे एवढाच उपाय पुरतो.

हिरव्या पाण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ऊन आणि माशांच्या विष्ठेतले खत मिळाले की एकपेशीय शेवाळ वाढते. पेटी खिडकीपासून दूर न्यावी, दिव्याचे तास कमी करावेत, खाणे कमी टाकावे. हे पाणी दिसायला वाईट असले तरी माशांना सहसा मारत नाही. फक्त रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून हवेचा पंप रात्री बंद करू नये.

मित्राच्या पेटीतला दुधटपणा मात्र तिसऱ्या जातीचा होता.

दुधट पाणी

शिळ्या भाताच्या पाण्यात जे घडते तेच इथे घडते. उरलेले खाणे, विष्ठा, कुजलेले पान यांवर जगणारे जीवाणू पाण्यात वाढतात. एका मिलिलीटरमध्ये त्यांची संख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली की पाणी पांढुरके दिसू लागते. एकेक जीवाणू दिसत नाही, पण इतके सगळे मिळून प्रकाश विखुरतात. अनुकूल परिस्थितीत यांतले काही जीवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. आपण सगळे पाणी बदलले की पाण्यातले जीवाणू जातात, पण खाणे टाकणारे हात तेच असतात आणि नव्या पाण्यात त्यांच्याशी स्पर्धा करणारे कोणीच नसते. मग तीन दिवसांत पाणी पुन्हा दुधट होते. तसेच राहू दिले आणि खाणे कमी केले, तर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत हा भर आपोआप ओसरतो.

गोल्डफिशच्या पेटीतल्या गढूळ पाण्याशी झगडणारा आपला मित्र काही पहिला नाही. लंडनमध्ये औषधे बनवणाऱ्यांच्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी सुमारे १२ गॅलन, म्हणजे ५४ लिटर मावणाऱ्या काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. (आपल्या दोन फुटी पेटीत जवळजवळ तेवढेच पाणी मावते!) वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील आणि पाणी न बदलता दोघांचे चालेल, हा त्यांचा हिशेब. तो जमला, पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टन यांनी पाणी फेकले नाही. त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी निवळले. १८५० साली त्यांनी ही निरीक्षणे केमिकल सोसायटीपुढे मांडली. गढूळपणाचे मूळ पाण्यात शोधण्याऐवजी त्यांनी ते कुजणाऱ्या पानांत शोधले, यात सारे आले.

शाळेच्या पेटीत कुजणारे काय असते? पावाचे तुकडे, पोळी, मुरमुरे! मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मुले प्रेमाने भरवतात. गोल्डफिशला पोट, म्हणजे जठरच नसते. अन्न थेट आतड्यात जाते. त्यामुळे तो दिवसभर खाण्याच्या शोधात असतो, आणि मुलांना वाटते, बिचारा उपाशी आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे, दिवसातून एकदा, फार तर दोनदा, हा नियम पेटीवर चिकटवून ठेवावा. रविवारचा उपास मोठ्या माशाला सहज सोसतो. आदल्या दिवशी दुप्पट टाकलेले खाणे मात्र सोसत नाही.

न दिसणारे विष

पण मासा मेला तेव्हा पाणी दुधट नव्हते. ते नितळ होते. मग?

मासा अन्नातली प्रथिने वापरतो आणि उरलेला नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. अमोनियाला रंग नाही आणि इतक्या थोड्या प्रमाणात वासही येत नाही. एक हिशेब करू. तीन लहान माशांना दिवसाला १ ग्रॅम खाणे दिले आणि त्यात ३५ टक्के प्रथिने आहेत असे धरू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ०.०५६ ग्रॅम. त्यातला निम्माच अमोनिया होऊन पाण्यात आला, तरी २८ मिलिग्रॅम झाले. पन्नास लिटरमध्ये विभागले तर लिटरला ०.५६ मिलिग्रॅम, रोज.

आता इथे जालन्याच्या पाण्याचा संबंध येतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक भारित, म्हणजे अमोनियम आयन. हा बराचसा निरुपद्रवी. दुसरा भाररहित, हा कल्ल्यांतून आत शिरतो आणि घातक ठरतो. दोन्हींचे प्रमाण पाण्याचा सामू आणि तापमान यांवर ठरते. आपल्या भागातला खडक काळा बेसॉल्ट. त्यातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. पाणी जड असते आणि त्याचा सामू बहुधा ७.५ ते ८.५च्या दरम्यान असतो. सामू ७ आणि तापमान २८ अंश असेल तर एकूण अमोनियापैकी फक्त ०.७ टक्के घातक रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा साडेसहा टक्के होतो, म्हणजे नऊपट! आपल्या ०.५६ मिलिग्रॅमपैकी सुमारे ०.०३६ मिलिग्रॅम. घातक अमोनिया लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या वर गेला की माशांना त्रास सुरू होतो असे सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे नुकत्याच धुतलेल्या पेटीत ही रेघ पहिल्याच दिवशी ओलांडली जाते. शनिवारी तर दोन दिवसांचे खाणे टाकलेले होते.

त्यात नळाच्या पाण्यातला क्लोरिन. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरावा अशी अपेक्षा असते, आणि ती आपल्या आरोग्यासाठी योग्यच आहे. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर तो कितीतरी जास्तही असतो. माशाच्या नाजूक कल्ल्यांना एवढाही क्लोरिन भाजून काढतो. गंमत म्हणजे जालन्यातली पाणी साठवून ठेवण्याची सवय इथे माशांच्या पथ्यावर पडते: उघड्या पिंपात दिवस-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातला क्लोरिन बराचसा उडून जातो आणि माती तळाशी बसते. पेटीसाठी वापरावे ते असे शिळे पाणी. घाई असेल तर मासे विकणाऱ्याकडे हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. त्याने क्लोरिन लगेच नष्ट होतो.

पॅरिसमधली वाळूची नळी

तरीही जुन्या, कित्येक महिने न धुतलेल्या पेट्यांत मासे मजेत जगतात. तिथला अमोनिया जातो कुठे?

याचे उत्तर मत्स्यपालनातून नाही, शेतीच्या रसायनशास्त्रातून मिळाले. जमिनीत अमोनियाचे नायट्रेट होते हे ठाऊक होते. पण ती साधी रासायनिक क्रिया आहे की सजीवांचे काम, याबद्दल वाद होता. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी अगदी सावकाश सोडायला सुरुवात केली. वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया आत जात होता, अमोनियाच बाहेर येत होता. मग बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले, वाढू लागले, आणि शेवटी अमोनिया उरलाच नाही. साधी रासायनिक क्रिया असती तर ती वीस दिवस थांबली का असती? मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही ते सुरू होईना. शेवटी बागेतली माती कालवलेले थोडे पाणी नळीत ओतले, तेव्हा काही दिवसांनी क्रिया पुन्हा सुरू झाली. वाळूच्या कणांवर काहीतरी जिवंत वाढत होते, हे सिद्ध झाले.

हा प्रयोग आम्हाला फार आवडतो, कारण काचपेटीची गाळणी म्हणजे हीच नळी. नवी पेटी कित्येक आठवडे का अडते, क्लोरिनच्या पाण्याने धुतलेली गाळणी निकामी का होते आणि जुन्या पेटीतला मळकट स्पंज नव्या पेटीत पिळला तर काम लवकर का सुरू होते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत.

पुढे इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात याच विषयावर काम करताना असे दिसले की हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जातींच्या जीवाणूंकडून होते: आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. होय, गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टन यांचाच मुलगा! वडिलांच्या पेटीत जे गुपचूप चालले होते, ते मुलाने शेतातल्या मातीत शोधले. हे जीवाणू वेगळे करणे त्याला साधले नाही. ते १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी केले. पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे आपण शिकवतो. काचपेट्यांत दुसरा टप्पा बहुधा नायट्रोस्पायरा पार पाडतात असे १९९०च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले, आणि २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या गाळणीतच होते.

हे जीवाणू संथ असतात. कुजवणारे जीवाणू तासाभरात दुप्पट होतात, तर यांना साधारण एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. म्हणून त्यांची वस्ती पुरी व्हायला चार ते सहा आठवडे जातात. ते पाण्यात तरंगत नाहीत. स्पंजवर, खडीवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. मित्राच्या मुलांनी दर शनिवारी घासून धुतला तो हाच थर. पेटी कायम पहिल्या आठवड्यातच राहत होती.

गाळणी कोणती घ्यावी?

आता गाळणीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलायला हवी. दुकानदार ती 'कचरा गाळणारी' म्हणून विकतो. कचरा ती गाळतेच, पण तिचे मोठे काम म्हणजे या जीवाणूंना भरपूर पृष्ठभाग देणे आणि त्यांच्यापर्यंत प्राणवायू पोचवणे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्या २८ मिलिग्रॅमला जवळजवळ १२८. तीस अंशांना पन्नास लिटर पाण्यात मुळात सुमारे ३७५ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळलेला असतो, आणि त्यातच माशांचे श्वसन. म्हणून हवा महत्त्वाची. आणि म्हणूनच अरुंद तोंडाच्या गोल बरणीत गोल्डफिश ठेवू नये. हवेशी भेटणारा पृष्ठभाग तिथे फारच थोडा असतो.

आमचे मत स्पष्ट सांगतो. जालन्यासारख्या ठिकाणी, शाळेसाठी, हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर सर्वांत चांगला. आणि एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत. त्याची रचना इतकी सोपी आहे की बिघडायला काही नसतेच. नळीत बुडबुडे सोडले की नळीतले पाणी आणि हवा यांचे मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते. बाहेरचे जड पाणी स्पंजमधून आत घुसते आणि हलक्या मिश्रणाला वर ढकलते. दोन असतील तर महिन्यातून एकदा आलटून पालटून एकच धुता येतो, तोही पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-तीनदा दाबून. नळाखाली नाही, साबण तर नाहीच.

हा फिल्टर वर्गात बनवताही येतो. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या खांद्यापाशी गरम सुईने पंधरा-वीस भोके पाडा (हे शिक्षकांनी करावे). तळाशी वजनासाठी थोडी खडी, वर भांडी घासायची नवी प्लॅस्टिकची घासणी किंवा स्पंजचे तुकडे भरा. बाटलीच्या तोंडातून एक रुंद नळी तळापर्यंत घाला आणि तिच्या आत हवेची बारीक नळी सोडा. पाणी भोकांतून आत येईल, घासणीतून खाली जाईल आणि रुंद नळीतून बुडबुड्यांबरोबर वर येईल. पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर वीज गेली की वक्रनलिकेच्या तत्त्वाने पेटीतले पाणी पंपात येते.

वीज जाणे हा आपल्याकडचा मोठा मुद्दा. महागडी बंद डब्याची गाळणी विजेशिवाय दोन-चार तास राहिली की तिच्या डब्यातला प्राणवायू संपतो, आतले जीवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ते सडके पाणी पेटीत येते. स्पंज उघड्या पाण्यातच असल्यामुळे त्याची अवस्था इतकी वाईट होत नाही. वीज बराच वेळ गेली तर मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून पेटीत ओतत राहावे. मुलांना हे काम आवडते! खडीखाली जाळीची पाटी ठेवण्याची पद्धत पूर्वी फार चालायची. गोल्डफिश खडी उकरतो आणि घाण पाटीखाली साचते, म्हणून ती टाळावी. पेटीच्या डोक्यावर बसणारी डब्याची गाळणी घरी, जिथे वीज फारशी जात नाही, तिथे चांगली. ती साफ करायला सोपी असते.

कोळशाबद्दल एक गैरसमज आहे. सक्रिय कोळसा रंग, वास, औषधांचे अंश, क्लोरिन शोषतो. अमोनिया जवळजवळ शोषत नाही. अमोनिया पकडतात ते झिओलाइट जातीचे खनिज, आणि ही खनिजे तर महाराष्ट्राच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत सापडतात. विहीर खणताना निघणारे पांढरे-गुलाबी स्फटिक मुले शाळेत आणतात, त्यांतले पुष्कळसे स्टिलबाइट किंवा ह्यूलँडाइट असतात. मत्स्यपेटीसाठी विकले जाणारे क्लिनोप्टिलोलाइट ह्यूलँडाइटच्याच कुळातले. म्हणून विहिरीवरचा दगड पेटीत टाकू नये, पण खनिजांचा तास घ्यायला हे निमित्त छान आहे.

उन्हाळ्यात आणखी एक युक्ती. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा पेटीच्या दोन बाजूंना बाहेरून ओले फडके लावून त्याचे टोक पाण्याच्या ताटलीत सोडावे. माठ जसा गार होतो तशी पेटी दोन-तीन अंशांनी उतरते. जुलैच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही. का, ते मुलांना विचारा.

मित्राच्या शाळेत त्या सोमवारी आम्ही एवढेच केले: निम्मे पाणी काढून पिंपातले शिळे पाणी घातले आणि खाणे दोन दिवस बंद ठेवले. गावातल्या एका घरी दोन वर्षे जुनी पेटी होती. तिथला स्पंज एका वाटीत पिळून तो काळा गाळ आपल्या स्पंजवर ओतला. मुले नाके मुरडत होती. पुढचे तीन आठवडे एक दिवसाआड दहा लिटर पाणी बदलायचे, माशांना चिमूटभरच खाणे द्यायचे, असे ठरले. नायट्राइटच्या टप्प्यात माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते; मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून लिटरला अर्धा ग्रॅम खडे मीठ विरघळवून घातले.

दुसऱ्या आठवड्यात पाणी पुन्हा दुधट झाले आणि मुलांचे हात शिवशिवू लागले. मित्राने त्यांना आवरले. नवव्या दिवशी भिंतीवरचा तक्ता पुन्हा वाचता येऊ लागला. दोन्ही मासे आता वीतभर होत आले आहेत आणि मित्र मोठ्या पेटीच्या विचारात आहे. दर शनिवारी फक्त दहा लिटर पाणी निघते. नायट्रेट असलेले ते पाणी शाळेच्या कढीपत्त्याला जाते. पेटीवर त्या मुलीच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे: "पाणी दुधट दिसल्यास बदलू नये. आधी काय खायला घातले ते सांगावे."